रोधावांचून वाहणारी वीज



पवनेच्या कांठचें पिंपळे सौदागर हें एके काळीं शेतीवर जगणारें गांव होतें. त्या गांवाच्या शिवारांत आज बहुमजली इमारतींची दाटी झाली असून, हिंजवडीच्या आणि चिंचवडच्या कचेऱ्यांतून व कारखान्यांतून परतणारीं हजारों कुटुंबें तेथें राहतात. दिवेलागणीच्या सुमारास या वस्तींत एकाच वेळीं किती यंत्रें विजेची मागणी करितात याचा विचार केला तर मन थक्क होतें. लिफ्ट वरखालीं धांवत असतात, गच्चीवरील टांक्यांत पाणी चढविणारे पंप चालू असतात, वातानुकूल यंत्रें घरोघर गुणगुणत असतात, आणि अलीकडे विजेच्या मोटारगाड्याही भारावयास लावलेल्या असतात. अशा वेळीं रस्त्याच्या कडेला लोखंडी जाळींत उभ्या असलेल्या डीपीजवळून जाणाऱ्यास दोन गोष्टी जाणवतात. एक, तिचा संथ घुमणारा आवाज. आणि दुसरी, तिच्या अंगांतून निघणारी ऊब. ही ऊब कोणी मागितलेली नसते. ती कोणाच्या उपयोगीं पडत नाहीं. तिचे पैसे मात्र सर्वांनाच भरावे लागतात.

ही ऊब कोठून येते, ती नाहींशी करितां येईल काय, आणि येत असल्यास त्यासाठीं कोणतें मोल द्यावें लागेल, या तीन प्रश्नांचा विचार आजच्या भाषणांत करावयाचा आहे.

पहिल्या प्रश्नाचें उत्तर सोपें आहे. तांब्याच्या तारेंतून वीज वाहते म्हणजे तारेंतील इलेक्ट्रॉन नांवाचे अतिसूक्ष्म कण पुढें सरकत असतात. धातूचे अणु आपापल्या जागीं सारखे कंप पावत असतात. त्या कंपांचे आणि धातूंतील अशुद्ध द्रव्यांचे अडथळे या कणांच्या मार्गांत येतात. कार्तिकी यात्रेच्या दिवशीं आळंदीच्या अरुंद रस्त्यांतून इंद्रायणीच्या घाटाकडे निघालेल्या एकट्या मनुष्याची जी अवस्था होते, तीच या कणांची समजावी. पावलोंपावलीं धक्के खात तो पुढें जातो, आणि त्याची बरीचशी शक्ति धक्क्यांतच खर्च होते. तारेंतील या अडथळ्यास रोध म्हणतात, आणि खर्च झालेली शक्ति उष्णतेच्या रूपानें बाहेर पडते.

या व्ययाचा एक नियम आहे. प्रवाह दुप्पट झाला तर व्यय चौपट होतो, आणि प्रवाह दसपट झाला तर व्यय शंभरपट होतो. समजा, शंभर किलोवॉट शक्ति दूरवर पाठवावयाची आहे आणि वाटेंतील तारेचा रोध एक ओहम आहे. एक हजार व्होल्टच्या दाबानें ती पाठविली तर प्रवाह १०० अँपियर होतो, आणि वाटेंत दहा किलोवॉट म्हणजे शेंकडा दहा शक्ति उष्णतेंत जाते. तीच शक्ति दहा हजार व्होल्टच्या दाबानें पाठविली तर प्रवाह दहा अँपियर होतो आणि केवळ शंभर वॉट वांया जातात. म्हणून वीज दूरवर न्यावयाची तर तिचा दाब वाढवावा, ही युक्ति अभियंत्यांनीं फार पूर्वीं शोधून काढली.

महाराष्ट्राच्या विजेचा सारा इतिहास या युक्तीवर उभा आहे. लोणावळ्याच्या परिसरांतील तलावांचें पाणी घाटाखालीं उतरवून खोपोली येथें टाटांच्या जलविद्युत् केंद्रांत वीज निर्माण होऊं लागली, आणि १९१५ सालीं ती उच्च दाबाच्या तारांनीं मुंबईच्या गिरण्यांस पोहोंचली. पुढें कोयनेची वीज याच मार्गानें आली. विदर्भांतील चंद्रपुरापासून ठाणें जिल्ह्यांतील पडघ्यापर्यंत सुमारें ७५० किलोमीटर लांबीची जी एकदिश प्रवाहाची वाहिनी १९९९ सालीं सुरू झाली, तिचा दाब ५०० किलोव्होल्ट असून १५०० मेगावॉट शक्ति वाहून नेण्याचें तिचें सामर्थ्य आहे.

परंतु दाब वाढविण्याची ही युक्ति नगराच्या वेशीवर येऊन थांबते. उच्च दाबाच्या तारांस उंच मनोरे लागतात आणि त्यांच्या दोन्ही अंगांस मोकळी जागा सोडावी लागते. दाट वस्तींत अशी जागा कोठून आणावी? तेथें केबल जमिनीखालीं घालाव्या लागतात, आणि जमिनीखालीं तर पाण्याचे नळ, सांडपाण्याच्या वाहिन्या, गॅसच्या नळ्या व टेलिफोनच्या तारा आधींच दाटीनें बसलेल्या असतात. शिवाय तांब्याच्या वा ॲल्युमिनियमच्या केबलीची उष्णता मातींत मुरावी लागते; अनेक केबली शेजारीं शेजारीं घातल्या तर त्या एकमेकींस तापवितात, आणि मग प्रत्येकीचा प्रवाह कमी ठेवावा लागतो. अर्थात् जेथें मागणी सर्वांत मोठी, तेथेंच वीज आणण्यास वाट सर्वांत अरुंद, असा हा पेंच आहे. पिंपळे सौदागरसारखें उपनगर उंच उंच वाढत जातें. रस्त्याची रुंदी मात्र वाढत नाहीं.

आतां दुसरा प्रश्न. रोध मुळांतच नाहींसा करितां येईल काय? याचें उत्तर १९११ सालीं हॉलंडांत मिळालें. लायडेन येथील प्राध्यापक हाइके कामरलिंग ओनेस यांनीं १९०८ सालीं हीलियम वायु प्रथमच द्रवरूपांत आणला होता. हा द्रव शून्याखालीं सुमारें २६९ अंशांवर उकळतो. या कडाक्याच्या थंडींत धातूंचा रोध कसा बदलतो हें पाहतांना, पारा ठराविक तापमानाच्या खालीं जातांच त्याचा रोध एकाएकी नाहींसा झाल्याचें दिसून आलें. तो नुसता कमी झाला नव्हता; मोजण्याच्या पलीकडे गेला होता. या गुणास अतिसंवाहकता म्हणतात. अतिसंवाहक कड्यांत एकदां प्रवाह सुरू करून दिला कीं, मागें कोणतीही बॅटरी नसतां, थंडी टिकेल तोंवर तो फिरतच राहतो.

या हीलियमाच्या जन्मकथेंत महाराष्ट्राच्या किनाऱ्याचेंही नांव गोंविलेलें आहे. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाची छाया कोंकणावरून पूर्वेकडे गेली. विजयदुर्गाच्या किल्ल्यावर अद्याप ‘साहेबाचे ओटे’ दाखविले जातात, आणि नॉर्मन लॉकियर यानें तेथूनच सूर्यावरील हीलियम पाहिला अशी लोकसमजूत आहे. वस्तुतः त्या ग्रहणाच्या वेळचें प्रसिद्ध निरीक्षण फ्रेंच शास्त्रज्ञ झान्सेन यांनीं गुंटूर येथून केलें, आणि लॉकियर यांनीं आपलें निरीक्षण त्याच वर्षीं ऑक्टोबरांत इंग्लंडांतून केलें. तरीही जो वायु प्रथम सूर्यप्रकाशांत दिसला, त्यानेंच पुढें पृथ्वीवर सर्वांत मोठी थंडी निर्माण करून द्यावी, हा योग विलक्षण खरा.

अतिसंवाहकतेचें कारण मात्र १९५७ पर्यंत नीटसें उलगडलें नाहीं. त्या वर्षीं बार्डीन, कूपर आणि श्रीफर या तीन अमेरिकन शास्त्रज्ञांनीं दाखवून दिलें कीं, पुरेशा थंडींत इलेक्ट्रॉन जोडीजोडीनें वागूं लागतात आणि त्या सर्व जोड्या एकाच लयींत पुढें सरकतात. मघांच्या यात्रेचाच दाखला घेऊं. गर्दींत एकटा सांपडलेला मनुष्य धक्के खातो. पण टाळांच्या एका ठेक्यावर पाऊल टाकणारी दिंडी त्याच रस्त्यानें अखंड पुढें जाते. एकाद्या वारकऱ्यास ठेंच लागली तरी दिंडीची चाल मोडत नाहीं. तांब्यांतील वीज म्हणजे सुटे यात्रेकरू, आणि अतिसंवाहकांतील वीज म्हणजे दिंडी.

ओनेस यांच्या मनांत लगेच विचार आला कीं, अशा तारेचें वेटोळें करून प्रचंड शक्तीचा चुंबक बनवावा. पण प्रयोग करितांच निराशा पदरीं आली. शिशाच्या तारेंतील प्रवाह थोडासा वाढवितांच, त्या प्रवाहानेंच निर्माण केलेल्या चुंबकत्वामुळें अतिसंवाहकता नष्ट झाली. तेव्हां या गुणास तीन कुंपणें आहेत हें समजून आलें: तापमान, चुंबकत्व आणि प्रवाह. तिन्हींपैकीं एकही ओलांडलें कीं तार पुन्हां साधी तार होते. म्हणून ‘अतिसंवाहक सांपडला’ आणि ‘अतिसंवाहक तार मिळाली’ या दोन वाक्यांत पुष्कळ अंतर आहे. तें कापण्यास पन्नास वर्षें लागलीं.

१९६० नंतरच्या काळांत नायोबियम आणि टायटॅनियम या धातूंचा मिश्रधातु व्यवहारोपयोगी ठरला. तो चिवट असतो आणि त्याची तार ओढतां येते. सोनार पोलादी पट्टीच्या लहान लहान होत जाणाऱ्या भोकांतून तार ओढून ती बारीक करितो, तत्त्व तेंच. या मिश्रधातूच्या कांड्या तांब्याच्या गोळ्यांत बसवून सर्व गोळा एकत्र ओढीत नेतात. बारीक झालेल्या कांड्या पुन्हां एकत्र बांधून पुन्हां ओढतात. शेवटीं केसाहूनही बारीक असे शेंकडों तंतू तांब्याच्या कोंदणांत बसलेली एक तार हातीं येते. तांबें तेथें शोभेसाठीं नसतें. एकाद्या ठिकाणीं तंतूची अतिसंवाहकता क्षणभर ढळली, तर प्रवाहास तेवढ्यापुरती तांब्यांतून वाट मिळावी, ही त्यांतील योजना आहे.

ही विद्या महाराष्ट्रांतही आहे. मुंबईस ट्राँबे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राच्या अणुइंधन विभागानें नायोबियम-टायटॅनियमच्या बहुतंतू तारा तयार केल्या, आणि त्यांपासून संलयन-यंत्रांच्या चुंबकांस लागणाऱ्या, नळींत बसविलेल्या व मधून द्रव हीलियम खेळविणाऱ्या केबलीही बनविल्या. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत १९९४ सालीं इट्रियम, निकेल, बोरॉन आणि कार्बन यांच्या संयुगांत अतिसंवाहकता आढळली, आणि तिच्यामुळें पदार्थांचें एक नवें कुलच जगास माहीत झालें. त्याच संस्थेंत २०१६ सालीं शुद्ध बिस्मथ धातूही अतिसंवाहक होतो हें सिद्ध झालें. पण त्यासाठीं त्यास निरपेक्ष शून्याच्या वर एका अंशाच्या हजाराव्या हिश्शाहूनही कमी अंतरावर न्यावें लागलें. शास्त्राच्या दृष्टीनें हा शोध मोलाचा. पण त्यांतून विजेची तार निघणार नाहीं, हें तो करणारेही जाणून आहेत.

अतिसंवाहक तार म्हणजे प्रयोगशाळेंतील कौतुक, असें मात्र कोणी समजूं नये. पुणें आणि पिंपरी-चिंचवड येथील रुग्णालयांत एम्.आर्.आय्. तपासणीसाठीं जो रुग्ण त्या मोठ्या नळकांड्यांत निजला असेल, तो अतिसंवाहक तारेच्या वेटोळ्यांतच निजला होता. मोठ्या शक्तीच्या बहुतेक यंत्रांत नायोबियम-टायटॅनियमची कित्येक किलोमीटर तार गुंडाळलेली असते, आणि जुन्या धर्तीच्या यंत्रांत ती हजार-दीड हजार लिटर द्रव हीलियमांत बुडालेली असते. एकदां भरलेला प्रवाह तींत वर्षानुवर्षें फिरत राहतो. जगांतील अतिसंवाहक तारेचें सर्वांत मोठें गिऱ्हाईक दीर्घकाळ हेंच राहिलें आहे.

मग हीच तार रस्त्याखालीं कां घालूं नये? याचें उत्तर थंडीच्या किंमतींत आहे. उष्णता खालच्या तापमानावरून वर उपसून काढणें हें विहिरीतून पाणी शेंदण्यासारखें आहे. विहीर जितकी खोल, तितके कष्ट अधिक. द्रव हीलियमाच्या तापमानावरून एक वॉट उष्णता बाहेर काढण्यास व्यवहारांत कांहींशें वॉट वीज खर्चावी लागते. रुग्णालयांतील एका पेटीपुरतें हें परवडतें. मैलोगणती केबलीस परवडत नाहीं.

ही विहीर एकदम उथळ झाली ती १९८६ सालीं. स्वित्झर्लंडांतील झ्यूरिकजवळच्या आय्.बी.एम्.च्या प्रयोगशाळेंत बेडनोर्झ आणि म्यूलर यांना एका भाजलेल्या मातीसारख्या पदार्थांत, तांब्याच्या एका ऑक्साइडांत, पूर्वीपेक्षां पुष्कळ वरच्या तापमानास अतिसंवाहकता सांपडली. पुढच्याच वर्षीं अमेरिकेंत इट्रियम, बेरियम आणि तांबें यांचें असें ऑक्साइड तयार झालें कीं, तें शून्याखालीं सुमारें १८० अंशांवरच अतिसंवाहक होतें. याचें महत्त्व एका आंकड्यांत आहे. द्रव नायट्रोजन शून्याखालीं १९६ अंशांवर उकळतो. म्हणजे आतां दुर्मिळ हीलियमाची गरज उरली नाहीं. हवेचा जो सुमारें शेंकडा ७८ भाग आहे, त्या नायट्रोजनानेंच काम भागूं लागलें.

हा नायट्रोजन कांहीं दूर देशींचा पदार्थ नव्हे. चाकणच्या औद्योगिक क्षेत्रांत हवा थंड करून तिच्यांतील वायु वेगवेगळे करणारे कारखाने आहेत. २०२१ सालच्या साथीच्या दिवसांत ज्या प्राणवायूच्या टँकरांची वाट पुण्याची रुग्णालयें डोळ्यांत तेल घालून पाहत होतीं, तो प्राणवायु अशाच कारखान्यांतून येत असे. हवेंतून प्राणवायु वेगळा काढतांना नायट्रोजनही वेगळा होतोच. या तापमानावरून एक वॉट उष्णता उपसण्यास व्यवहारांत दहा ते वीस वॉट वीज पुरते.

पण निसर्गानें एका हातानें दिलें तें दुसऱ्या हातानें थोडें काढून घेतलें. नवा पदार्थ मातीच्या भांड्यासारखा ठिसूळ. त्याची तार ओढावी कशी? पहिली तोड अशी निघाली कीं, बिस्मथयुक्त ऑक्साइडाची पूड रुप्याच्या नळींत ठासून भरावी, नळी ओढून बारीक करावी, अशा अनेक नळ्या एकत्र करून लाटून पट्टी बनवावी, आणि मग ती भट्टींत भाजावी. रुपेंच कां, तर तापल्यावर तें प्राणवायूस आंत जाऊं देतें आणि पुडीशीं स्वतः संयोग पावत नाहीं. परंतु रुप्याची तार ती रुप्याच्याच भावानें पडणार, हें उघड आहे.

दुसरी तोड अधिक नाजूक आहे. निकेलच्या चिवट मिश्रधातूची, कागदाइतकी पातळ अशी लांबच लांब फीत घेतात. तिच्यावर एकामागून एक अत्यंत विरळ थर बसवितात, आणि त्यांच्यावर अतिसंवाहक पदार्थाचा थर देतात. हा मुख्य थर साधारणपणें एका मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढा, किंवा त्याहून थोडा जाड असतो. त्यावर रुप्याचें व तांब्याचें कवच येतें. खरी अडचण जाडीची नाहीं, शिस्तीची आहे. या पदार्थाचे स्फटिक एकमेकांशीं नीट जुळवून बसले नाहींत तर एका स्फटिकांतून दुसऱ्यांत जातांना प्रवाह अडतो. म्हणून खालचे थर असे घडवितात कीं, त्यांच्या सांच्यावर वरचे स्फटिक आपोआप रांगेंत उभे राहावे. कवाइतीच्या मैदानावर शेंकडों विद्यार्थी उभे करणें कठीण नसतें. ते सर्व एकाच दिशेस तोंड करून, एकही वांकडा न राहतां उभे करणें कठीण असतें. आणि येथें ती रांग शेंकडों मीटर मोडतां कामा नये.

ही शिस्त साधली कीं फळ मोठें मिळतें. चार मिलिमीटर रुंदीची अशी एक फीत द्रव नायट्रोजनांत शंभराहून अधिक अँपियर प्रवाह वाहून नेते. तेवढ्याच जाडीरुंदीच्या तांब्याच्या पट्टीवर दहा-वीस अँपियरांचा भार घातला तरी ती तापूं लागेल. पिंपरी येथें फिनोलेक्सनें तांब्याच्या तारांचा जो उद्योग उभारला, त्यामुळें या परिसरांतील कित्येक घरांस तांब्याच्या तारेचा व्यवहार ठाऊक आहे. तांब्याची तार धातूच्या वजनावर विकली जाते. अतिसंवाहक फितींत मोलाचा पदार्थ चिमूटभरच असतो. किंमत पडते ती त्या शिस्तीची, म्हणजे संथपणें चालणाऱ्या यंत्रांची आणि वांया जाणाऱ्या लांबीची. तेवढाच प्रवाह नेणाऱ्या तांब्यापेक्षां ती अद्यापही पुष्कळ महाग आहे.

तरीही कांहीं नगरांनीं ती प्रत्यक्ष घालून पाहिली. अमेरिकेंत न्यूयॉर्कजवळील लाँग आयलंड येथें २००८ सालीं १३८ किलोव्होल्ट दाबाची सुमारें ६०० मीटर लांबीची केबल चालू झाली. जर्मनींतील एसेन नगराच्या मध्यभागीं २०१४ सालीं एक किलोमीटरची केबल घातली गेली. तिचा दाब केवळ १० किलोव्होल्ट होता, तरी ती ४० मेगावॉट शक्ति नेऊं शकत असे; एरवीं तेवढ्या शक्तीसाठीं ११० किलोव्होल्टची केबल आणि तिच्यासाठीं शहरांत मोठें उपकेंद्र लागलें असतें. दक्षिण कोरियांत २०१९ सालीं आणि चीनमधील शांघाय येथें २०२१ सालीं सुमारें तेवढ्याच लांबीच्या केबलींतून ग्राहकांस वीज मिळूं लागली. या सर्वांतील समान गोष्ट ही कीं, लांबी एक-दोन किलोमीटरांच्या आंतबाहेर आणि जागा दाट नगराची. चंद्रपूर-पडघ्यासारख्या लांब वाटेवर कोणी ती घातलेली नाहीं.

असें कां, हा तिसरा आणि मुख्य प्रश्न. अशी केबल म्हणजे एक लांबलचक थर्मास. दुहेरी नळी, मधें निर्वात पोकळी, आंत नायट्रोजन आणि त्यांत फिती. बाहेरची उष्णता कितीही अडविली तरी दर मीटरास एक-दोन वॉट आंत झिरपतेच. समजा, मीटरास दीड वॉट उष्णता आंत येते. एका किलोमीटरास ती दीड किलोवॉट झाली. ती बाहेर काढण्यास, पंधरापट वीज धरल्यास, साडेबावीस किलोवॉट लागतील. चाळीस मेगावॉट शक्ति वाहत असेल तर हा खर्च नगण्य आहे. पण रात्रीं मागणी उतरली, किंवा रविवारीं कारखाने बंद राहिले, म्हणून हा खर्च उतरत नाहीं. तांब्याची केबल रिकामी असतांना जवळजवळ फुकट राहते. अतिसंवाहक केबल रिकामी असली तरी तिला थंडीचा खुराक द्यावाच लागतो. शिवाय घरोघर येणारी वीज दिशा बदलणारी असते, आणि अशा प्रवाहांत अतिसंवाहकांतही थोडा व्यय होतो. संपूर्ण शून्य व्यय एकदिश प्रवाहासच मिळतो. तेव्हां ‘रोध नाहीं म्हणून खर्च नाहीं’ हें म्हणणें खरें नव्हे. रोधाचा खर्च जाऊन त्याच्या जागीं थंडीचा खर्च येतो. आणि वाहतूक मोठी व अखंड असेल तरच ही अदलाबदल फायद्याची ठरते.

दुसरी सावधगिरी सुरक्षिततेची. जिनीव्हाजवळील सर्न संस्थेच्या २७ किलोमीटर परिघाच्या यंत्रांत १९ सप्टेंबर २००८ रोजीं दोन चुंबकांमधील एका सांध्यांत अत्यल्प रोध राहून गेला होता. तेवढ्यावरून सांधा जळाला, कांहीं टन हीलियम बाहेर पडला, चुंबक जागचे हलले, आणि यंत्र पुन्हां चालूं होण्यास एक वर्षाहून अधिक काळ लागला. अतिसंवाहक तार आपलें काम चोख करिते. पण तिच्या पंक्तीस बसणाऱ्या प्रत्येक सांध्यानें, पंपानें आणि झडपेनें तितकेंच चोख असलें पाहिजे.

याच स्वभावाचा एक उपयोगही आहे. वीजपुरवठ्यांत कोठें तार तुटून एकाएकी प्रचंड प्रवाह धांवूं लागला, तर अतिसंवाहक आपली प्रवाहमर्यादा ओलांडतांच आपोआप रोध दाखवूं लागतो आणि त्या लोंढ्यास आवर घालतो. एसेनच्या केबलीबरोबर असाच एक प्रवाहरोधक बसविला होता. १२ ऑक्टोबर २०२० रोजीं सकाळीं दहाच्या सुमारास मुंबई अंधारली, लोकलगाड्या जागच्या जागीं थांबल्या, हें पुष्कळांच्या स्मरणांत असेल. कळवा-पडघे भागांतील ४०० किलोव्होल्टच्या वाहिन्या एकामागून एक बंद पडल्या होत्या, आणि महानगरांत बाहेरची वीज आणण्यास दुसरी पुरेशी वाट उरली नव्हती. तें संकट केवळ अतिसंवाहक तारेनें टळलें असतें असें म्हणणें धाडसाचें होईल. पण दाट वस्तींत थोड्या जागेंतून मोठी शक्ति आंत आणणारी आणखी एक वाट असणें म्हणजे काय, हें त्या दिवसानें दाखविलें.

महाराष्ट्राच्या वीजपुरवठ्यांत अशी केबल अद्याप पडलेली नाहीं. ती पडलीच तर कोठें पडावी, हें वरील हिशेबावरून सांगतां येतें. ती शेतांतून जाणाऱ्या लांब वाहिनीच्या जागीं येणार नाहीं. तेथें उंच मनोरे आणि उच्च दाब हेच स्वस्त. ती डीपीपासून घराच्या मीटरापर्यंतही येणार नाहीं. तेथें प्रवाह थोडा आणि फांटे फार. तिची जागा मधल्या टप्प्यांत आहे: एका उपकेंद्रापासून दुसऱ्या उपकेंद्रापर्यंत, जेथें रस्ता अरुंद, जमीन महाग आणि मागणी रात्रंदिवस मोठी आहे. पिंपळे सौदागर, रहाटणी, वाकड अशा एकमेकांस चिकटलेल्या उपनगरांचा पट्टा हें अशा जागेचें चांगलें उदाहरण होय.

शेवटीं एक इशारा दिला पाहिजे. जुलै २०२३ मध्यें दक्षिण कोरियांतून बातमी आली कीं, साध्या हवेंत, साध्या तापमानास अतिसंवाहक होणारा पदार्थ सांपडला. आठ दिवसांत ती जगभर पसरली. विजेचीं बिलें आतां संपणार, असें सुशिक्षित माणसेंही बोलूं लागलीं. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेसह अनेक ठिकाणीं तो पदार्थ तयार करून तपासण्यांत आला, आणि ऑगस्ट संपण्यापूर्वीं तो दावा टिकत नाहीं हें ठरलें. रोधांत दिसलेली उतरण त्या पदार्थांत मिसळलेल्या तांब्याच्या गंधकयुक्त संयुगामुळें होती. अशा बातम्या पुढेंही येतील. त्या ऐकतांना सुज्ञ माणसानें तीन प्रश्न विचारावे. किती थंडींत? किती प्रवाह आणि किती चुंबकत्व सोसून? आणि त्याची किलोमीटरभर तार कोणी ओढून दाखविली आहे काय? पाऱ्याचा रोध नाहींसा झाल्यापासून पन्नास वर्षांनीं चुंबकाची तार हातीं आली, आणि सुमारें शंभर वर्षांनीं नगराच्या रस्त्याखालीं एक किलोमीटरची केबल पडली, एवढें ध्यानांत ठेवलें म्हणजे पुरे.

तोंवर पिंपळे सौदागरच्या डीपीची ऊब राहणारच आहे. ती कमी करण्याचे साधे उपाय मात्र आजही आहेत. योग्य जाडीची तार, घट्ट बसविलेले सांधे, रोहित्रावर त्याच्या शक्तीइतकाच भार, आणि संध्याकाळच्या दाटीच्या वेळीं मोटारगाडी न भारतां ती मध्यरात्रीनंतर भारणें. सहा ते दहाचा प्रवाह थोडा जरी खालीं आला, तरी व्यय त्याच्या वर्गानें खालीं येतो. हा नियम तांब्यासही लागू आहे, आणि तो पाळण्यास द्रव नायट्रोजन लागत नाहीं.